आधी मोजे काढा : अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रक्तवाहिनी शल्यविभाग कसा चालवला जातो

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या एखाद्या रुग्णालयात रक्तवाहिनी शल्यविभागाची ओपीडी नीट चालत असेल, तर तिथे आलेल्या रुग्णाला बहुधा पहिली सूचना मिळते ती बूट आणि मोजे काढण्याची. तक्रार मानेतल्या धमनीची असो किंवा पोटातल्या, पावले पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. दोन बोटांच्या बेचक्यात लपलेली जखम, टाचेवरची काळी पडलेली चीर किंवा चवड्याचा गारठा यांवरून अनुभवी माणसाला पुढच्या महिन्याभरात काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज येतो. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असेल, तर खुद्द रुग्णाला त्या जखमेचा पत्ताच नसतो. अशा विभागाचे प्रमुखपद म्हणजे सर्वांत अवघड शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला मिळालेली मानाची खुर्ची, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्या खुर्चीतील माणसाचे बरेचसे काम शस्त्रक्रियागृहाबाहेर चालते, आणि त्याच्या यशाचा मोठा भाग कराव्याच न लागलेल्या शस्त्रक्रियांमध्ये असतो. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आधी आजार, मग रुग्ण आणि त्यानंतर व्यवस्था, या क्रमाने जावे लागेल.

हृदय आणि मेंदूच्या आतल्या वाहिन्या वगळल्या, तर शरीरातील उरलेल्या बहुतेक सर्व रक्तवाहिन्या या शाखेच्या कक्षेत येतात. पायांच्या धमन्या चरबी आणि चुन्याच्या थरांनी अरुंद झाल्या, की आधी चालताना पोटऱ्या दुखतात, पुढे रात्री झोपेतही पाय ठणकतो आणि शेवटी जखमा भरेनाशा होऊन गँग्रीन होते. पोटातील महाधमनीची भिंत कमकुवत होऊन तिला फुगा येतो. साधारण दोन सेंटिमीटर रुंदीची ही वाहिनी तीन सेंटिमीटर किंवा अधिक रुंद झाली, की तिला फुगवटा धरले जाते, आणि तो फुटला तर बहुतेक रुग्ण दगावतात. मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी अरुंद झाली, तर पक्षाघाताचा धोका असतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या हातात डायलिसिससाठी धमनी आणि नीला जोडून फिस्टुला तयार करणे, हे तर या विभागाचे रोजचे, फारसे कौतुक न होणारे काम आहे. पूर्वी या सगळ्यासाठी शरीर उघडावे लागे. आता निम्म्याहून अधिक वेळा मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी सरकवून तिच्या टोकाचा फुगा अरुंद जागी फुगवून वाट मोकळी करणे, स्टेंट बसवणे किंवा महाधमनीत आतून कापडी अस्तराची नळी बसवणे शक्य होते. त्यामुळे एकाच सर्जनला सुरी आणि नळी ही दोन्ही कौशल्ये राखावी लागतात, आणि कोणत्या रुग्णाला कोणते साधन लावायचे यावर विभागात एकवाक्यता ठेवणे हे प्रमुखाचे काम होऊन बसते.

आता रुग्णालयाविषयी. अमेरिकेतील माजी सैनिक व्यवहार विभाग, ज्याला सगळे ‘व्हीए’ म्हणतात, तो लष्कराचा भाग नाही. सेवेत असलेल्या सैनिकांची रुग्णालये वेगळी. व्हीएकडे गणवेश उतरवलेली माणसे येतात. १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेला १९८९ मध्ये मंत्रिमंडळ स्तरावरील खात्याचा दर्जा मिळाला. आज सुमारे १७० मोठी रुग्णालये, हजाराहून अधिक लहान दवाखाने आणि सुमारे ९० लाख नोंदणीकृत लाभार्थी इतका तिचा पसारा आहे. आपल्याकडे माजी सैनिकांसाठी एप्रिल २००३ पासून सुरू असलेली ‘ईसीएचएस’ योजना पॉलिक्लिनिक, लष्करी रुग्णालये आणि करारबद्ध खाजगी रुग्णालये यांच्या आधारावर चालते. माजी सैनिकांसाठी स्वतंत्र रुग्णालयांची अशी साखळी आपल्याकडे नाही. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढचे बरेच मुद्दे त्यावर उभे आहेत. व्हीएमध्ये नाव नोंदवलेला माणूस सहसा आयुष्यभर त्याच व्यवस्थेत राहतो. आज त्याच्या पायाकडे दुर्लक्ष झाले, तर पाच वर्षांनी कापलेल्या पायाचा खर्च, कृत्रिम पाय, चाकाची खुर्ची आणि घरात बसवायचा उतार, हे सगळे त्याच संस्थेच्या खात्यावर येते. विमा कंपनी बदलून गेलेल्या रुग्णाबरोबर त्याचे भवितव्यही दुसऱ्याच्या दारात जाण्याची सोय इथे नाही.

रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया आणि युद्ध यांचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जखमींच्या २,४७१ धमनी-दुखापतींचा आढावा मायकेल डिबेकी आणि फियोरिंडो सिमिओन या सर्जनांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी जखमी सैनिक सर्जनपर्यंत पोहोचेस्तोवर इतके तास उलटलेले असत, की फाटलेली धमनी शिवण्याऐवजी ती बांधून रक्तस्राव थांबवणे एवढेच बहुधा हाती राही. अशा बांधलेल्या धमन्यांच्या सुमारे ४९ टक्के प्रकरणांत पुढे अवयव कापावा लागला. कोरियातील युद्धात हेलिकॉप्टरने जखमींना लवकर आणले गेले, धमन्या शिवल्या गेल्या, आणि हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले. ह्यूस्टनमधील व्हीए रुग्णालयाला आज याच डिबेकींचे नाव आहे. परंतु आजच्या व्हीए रुग्णालयातील रक्तवाहिनी विभागात गोळी लागलेला तरुण क्वचितच दिसतो. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली महायुद्धातील जखमींसाठी उभे राहिले, त्यामुळे ‘पाय गमावलेला सैनिक’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सुरुंगच येतो. व्हीएमध्ये कापल्या जाणाऱ्या बहुतेक पायांमागे मात्र मधुमेह आणि तंबाखू असते, आणि तो माणूस सत्तरीचा असतो.

त्या तंबाखूत सरकारचाही वाटा आहे, हे इथे सांगितले पाहिजे. अमेरिकी सैनिकांच्या तयार जेवणाच्या पाकिटात १९७५ पर्यंत सिगारेटी दिल्या जात. एकोणिसाव्या वर्षी रणांगणावर लागलेली सवय पासष्टाव्या वर्षी पायाच्या धमनीत जाऊन बसते. पुढे १९९२ च्या एका कायद्याने तर व्हीए रुग्णालयांना धूम्रपानासाठी जागा उपलब्ध ठेवणे भाग पाडले होते, आणि रुग्णांसाठी संपूर्ण परिसर धूम्रपानमुक्त व्हायला ऑक्टोबर २०१९ उजाडावा लागला. मधुमेहाचेही तसेच. व्हिएतनाममध्ये जंगलांवर फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाशी संपर्क आलेल्या सैनिकांचा टाइप-२ मधुमेह हा सेवेमुळे जडलेला आजार मानला जाईल, असे व्हीएने २००१ मध्ये ठरवले. उच्च रक्तदाबाचा समावेश २०२२ च्या कायद्याने झाला. त्यामुळे या विभागात रुग्णाला ‘तुम्हीच ओढवून घेतलेत’ असे सुनावण्याचा अधिकार कोणाला फारसा उरत नाही. सिगारेट सोडवणारा समुपदेशक आणि मधुमेहाची परिचारिका यांना आपल्या ओपीडीच्या शेजारची खोली मिळवून देणारा विभागप्रमुख, माझ्या मते, आपले काम अचूक ओळखून असतो.

या प्रमुखाचे स्थान कुठे असते? रुग्णालयाचा संचालक, त्याच्या हाताखाली वैद्यकीय प्रमुख, मग शल्यचिकित्सेचा प्रमुख, आणि त्याच्या अखत्यारीत रक्तवाहिनी विभाग, अशी उतरंड असते. वर प्रादेशिक जाळी आणि त्यांच्याही वर वॉशिंग्टन. शिवाय त्याला बहुधा दुसरेही एक घर असते. दुसरे महायुद्ध संपताच लाखो जखमी आणि आजारी सैनिक परतले, आणि व्हीएकडे चांगल्या डॉक्टरांचा तुटवडा होता. तेव्हा संस्थेची सूत्रे जनरल ओमर ब्रॅडली यांच्याकडे होती. ३० जानेवारी १९४६ रोजी निघालेल्या ‘धोरण पत्रक क्रमांक २’ ने वैद्यकीय महाविद्यालयांशी करार करून व्हीए रुग्णालयांत प्राध्यापक आणि प्रशिक्षणार्थी आणण्याची वाट मोकळी केली. त्या व्यवस्थेमुळे आज अनेक सर्जन अर्धवेळ व्हीएचे आणि अर्धवेळ विद्यापीठाचे असतात. नेमणूक आठ भागांत मोजली जाते. एखादा सर्जन ‘पाच-अष्टमांश’ व्हीएचा असतो. कागदावर सोपा दिसणारा हा अपूर्णांक प्रत्यक्षात डोकेदुखी ठरतो, कारण फुटलेला फुगवटा कोणत्या अष्टमांशात येईल हे सांगता येत नाही. रात्रीच्या कॉलची पाळी कशी लावायची आणि विद्यापीठातील शस्त्रक्रिया लांबली म्हणून व्हीएची ओपीडी उशिरा सुरू होणार नाही हे कसे पाहायचे, हा तिढा प्रमुखाच्या टेबलावर दर आठवड्याला येतो.

पैशांचा प्रश्न इथे उलट्या बाजूने समोर येतो. व्हीएचे सर्जन पगारी असतात. जास्त शस्त्रक्रिया केल्या म्हणून त्यांचे उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही. खाजगी क्षेत्रात पायाच्या धमनीत अनावश्यक स्टेंट घालण्याचा मोह जिथून येतो, ती वाट इथे बरीचशी बंद आहे. पण तोच पगार आळसालाही अभय देऊ शकतो. सकाळी पहिली शस्त्रक्रिया वेळेवर सुरू झाली नाही, दोन शस्त्रक्रियांमध्ये खोली धुण्याला दीड तास लागला, तर कोणाच्या खिशाला थेट झळ बसत नाही; झळ बसते ती प्रतीक्षायादीतल्या माणसाला. तेव्हा इथल्या प्रमुखाला पैशाचा लगाम वापरता येत नाही. लाज, अभिमान, आकडे आणि स्वतः सात वाजता हजर राहणे, एवढीच साधने त्याच्या हातात असतात.

आता पुन्हा पायांकडे येऊ, कारण इथेच विभागाचे पाणी जोखले जाते. धमनीचा आजार ओळखण्याची पहिली चाचणी स्वस्त आहे: घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर पायाकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा आहे. गंमत अशी, की मधुमेही रुग्णाच्या धमन्या चुन्याने इतक्या कडक होतात, की पट्ट्याने त्या दाबल्याच जात नाहीत आणि आकडा फसवा, चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजावा लागतो. हे ठाऊक असलेला तंत्रज्ञ आणि नसलेला तंत्रज्ञ यांत एका पायाचे अंतर असते. म्हणून रक्तवाहिनी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांची भरती आणि प्रशिक्षण यांत जातीने लक्ष घालणारा प्रमुख आपला वेळ वाया घालवत नसतो. पाय वाचवण्यासाठी व्हीएचा एक देशव्यापी कार्यक्रम आहे. त्यात प्राथमिक दवाखान्यातच पावलांची तपासणी होते, नायलॉनच्या बारीक तंतूने संवेदना पाहिली जाते आणि रुग्णाला शून्य ते तीन असा धोक्याचा दर्जा दिला जातो. शून्य म्हणजे साधा पाय. तीन म्हणजे आधी जखम होऊन गेलेला, बोट कापलेला किंवा धमनीचा गंभीर आजार असलेला पाय.

दर्जा लिहिणे सोपे आहे. ‘तीन’ लिहिलेला माणूस सर्जनपर्यंत किती दिवसांत पोहोचतो, हा खरा प्रश्न. त्या वाटेवर प्राथमिक डॉक्टर, पावलांचा तज्ज्ञ, सोनोग्राफीची तारीख, मूत्रपिंडांवर ताण येऊ नये म्हणून सीटी स्कॅनआधी केलेल्या चाचण्या, संसर्गतज्ज्ञ, आणि दोनशे किलोमीटरवरून येणाऱ्या रुग्णाच्या गाडीची सोय, अशा अनेक चौक्या आहेत. प्रत्येक चौकीवरचा माणूस आपले काम चोख करूनही एकूण सहा आठवडे जाऊ शकतात, आणि ओल्या, म्हणजे संसर्ग झालेल्या, गँग्रीनला सहा आठवड्यांची सवड नसते. म्हणून चांगले विभाग पावलांचे तज्ज्ञ आणि रक्तवाहिनी सर्जन यांची ओपीडी एकाच दिवशी, एकाच मजल्यावर ठेवतात. रुग्ण खुर्ची बदलतो, महिना बदलत नाही. हा निर्णय दिसायला कारकुनी आहे. तो घेण्यासाठी प्रमुखाला तीन विभागांच्या वेळापत्रकांशी आणि एका खोलीवाटप समितीशी झुंजावे लागते, आणि त्या झुंजीची नोंद कोणत्याही शोधनिबंधात येत नाही. आठवड्याला एखादा बायपास (अडलेल्या धमनीला वळसा घालणारी शस्त्रक्रिया) कमी करून जो प्रमुख हे घडवतो, त्याने वाचवलेल्या पायांची संख्या त्या बायपासांपेक्षा मोठी असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

महाधमनीच्या फुगवट्याची गोष्ट वेगळी. इथे व्हीएने जगाला एक मोठा धडा दिला, तो म्हणजे थांबण्याचा. फुगवटा लहान असतानाच शिवून टाकावा, म्हणजे फुटण्याची भीतीच नको, असे पूर्वी अनेक सर्जनांना वाटे, आणि तसे वाटणे स्वाभाविकही होते. व्हीएच्या रुग्णालयांनी सव्वा लाखाहून अधिक माजी सैनिकांची सोनोग्राफी करून फुगवटे शोधले. त्यात धूम्रपान हेच सर्वांत ठळक कारण आढळले. त्यानंतर चार ते साडेपाच सेंटिमीटरच्या आतल्या फुगवट्यांच्या १,१३६ रुग्णांचे दोन गट करून एका गटावर लगेच शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्या गटावर ठरावीक काळाने सोनोग्राफीने नजर ठेवली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की लगेच शस्त्रक्रिया केलेले रुग्ण अधिक जगले नाहीत. नजरेखाली ठेवलेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना पुढे फुगवटा वाढल्यामुळे शस्त्रक्रिया लागली, उरलेल्यांची ती त्या काळात टळली. पुरुषांमध्ये साडेपाच सेंटिमीटर हा उंबरठा त्यामुळे पक्का झाला. नंतरच्या दुसऱ्या एका व्हीए अभ्यासात ४२ रुग्णालयांतील ८८१ रुग्णांची तुलना झाली: पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया विरुद्ध मांडीतून आत नेलेली अस्तराची नळी. शस्त्रक्रियेच्या काळातील मृत्यू नळीच्या गटात ०.५ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ३ टक्के होते; परंतु दीर्घ काळ पाहिले, तेव्हा एकूण जगण्यात फरक उरला नाही, आणि नळीवाल्यांना पुन्हा छोट्या-मोठ्या दुरुस्त्या अधिक कराव्या लागल्या.

या अभ्यासांचा विभागप्रमुखाच्या रोजच्या कामाशी संबंध असा. ‘थांबा’ हा उपचार म्हणून सांगायचा असेल, तर थांबलेल्या माणसाला विसरायचे नाही, याची यंत्रणा लागते. चार सेंटिमीटरच्या आतला फुगवटा साधारण तीन वर्षांनी, चार ते पाचच्या मधला दरवर्षी आणि त्याच्या वरचा सहा महिन्यांनी पाहावा लागतो. अस्तराची नळी बसवलेल्या रुग्णाला तर जन्मभर तपासणीला यावे लागते, कारण नळीच्या कडेने रक्त झिरपून फुगवटा पुन्हा वाढू शकतो. शेकडो नावांची ही यादी कोणाच्या तरी ताब्यात असावी लागते. ती एका परिचारिकेच्या वहीत असेल, तर ती परिचारिका निवृत्त झाली की यादीही निवृत्त होते. व्हीएने इलेक्ट्रॉनिक नोंदी फार लवकर, १९८० च्या दशकापासूनच, वापरायला घेतल्या आणि एका राज्यातला स्कॅनचा अहवाल दुसऱ्या राज्यात वाचण्याची सोय झाली, हा इथला मोठाच आधार आहे. परंतु संगणक आठवण करून देतो, फोन माणसालाच करावा लागतो.

शस्त्रक्रिया कोणावर करू नये, हा प्रश्न सगळ्यांत नाजूक. ऐंशीच्या घरातला, वजन उतरलेला, जिना चढताना दमणारा रुग्ण आणि त्याचा साडेपाच सेंटिमीटरचा फुगवटा समोर असतो. नियमाच्या कागदाप्रमाणे शस्त्रक्रिया करावी. पण ती झाल्यावर हा माणूस घरी जाऊन आपल्या हाताने जेवेल का, हे फुगवट्याच्या मापावरून कळत नाही. ओमाहा येथील व्हीए रुग्णालयात २०११ पासून शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांच्या दुर्बलतेचे मोजमाप काही मिनिटांच्या प्रश्नावलीने होऊ लागले, आणि त्या पुढाकारामागे एक रक्तवाहिनी सर्जनच होता. गुण फार वाईट आले, तर शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि गरज पडल्यास उपशामक, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणाऱ्या, उपचारांचे पथक यांनी एकत्र विचार करायचा आणि रुग्णाला ‘तुम्हाला यातून नेमके काय हवे आहे’ असे विचारायचे, एवढाच तो बदल. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, त्यानंतर दुर्बल रुग्णांमधील तीस दिवसांतील मृत्यू १२.२ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले. यातला काही भाग शस्त्रक्रिया न केल्याचा असू शकतो, आणि तेच तर सांगायचे आहे. तरुण सर्जनला ‘नाही’ म्हणायला शिकवणे हे टाका घालायला शिकवण्यापेक्षा अवघड असते. नकार देताना रुग्णाला टाकून दिल्यासारखे वाटू नये, हे तर त्याहून अवघड.

या सगळ्याचा हिशोब मागणारी पद्धतही व्हीएतच जन्मली, आणि ती जन्मली संशयातून. १९८० च्या दशकात व्हीए रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर फार रुग्ण दगावतात, अशी टीका होत होती. अमेरिकी संसदेने १९८५ मध्ये कायदा करून सांगितले, की रुग्णांची मुळातली प्रकृती लक्षात घेऊन तुमचे निकाल राष्ट्रीय सरासरीशी ताडून दाखवा. अडचण अशी होती, की तशी राष्ट्रीय सरासरी अस्तित्वातच नव्हती. मग बॉस्टनच्या व्हीए रुग्णालयातील सर्जन शुक्री खुरी यांच्या नेतृत्वाखाली १९९१ पासून ४४ रुग्णालयांत प्रशिक्षित परिचारिकांकरवी शस्त्रक्रियांची माहिती गोळा होऊ लागली, आणि १९९४ पासून तो कार्यक्रम व्हीएभर पसरला. दहाएक वर्षांतच ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या सर्जनांच्या संघटनेने तोच खाजगी रुग्णालयांसाठी स्वीकारला. ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले, त्यांनीच इतरांना मोजपट्टी बनवून दिली.

ही मोजपट्टी समजायला सोपी आहे. प्रत्येक रुग्णाचे वय, मधुमेह, मूत्रपिंडांची स्थिती, रक्तातील अल्ब्युमिन अशा गोष्टींवरून त्याच्या मृत्यूची शक्यता काढली जाते, आणि त्या शक्यतांची बेरीज म्हणजे विभागाचे ‘अपेक्षित’ मृत्यू. अपेक्षित दहा आणि प्रत्यक्षात आठ, तर गुणोत्तर ०.८, म्हणजे काम बरे चालले आहे. प्रत्यक्षात पंधरा, तर कोणीतरी येऊन कागद मागणार. अल्ब्युमिन हे प्रथिन पोषणाची साक्ष देते, आणि सुरुवातीच्या अभ्यासात मृत्यूचा सर्वांत मोठा इशारा तेच देत असल्याचे दिसले. सर्जनचा हात किती सफाईदार आहे यापेक्षा रुग्ण महिनाभर काय जेवला याला अधिक वजन मिळावे, हे काही ज्येष्ठांना फारसे रुचले नसावे. या आकड्यांची मर्यादाही सांगायला हवी. रक्तवाहिनी विभागात वर्षाकाठी होणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रिया थोड्या असतात, त्यामुळे दोन मृत्यूंनी गुणोत्तर उडी मारते. आणि ज्या रुग्णाला भीतीपोटी शस्त्रक्रिया नाकारली, तो हिशोबात येतच नाही. म्हणून आकडा चांगला दिसला तरी नाकारलेल्यांची यादी डोळ्यांखालून घालणारा प्रमुख हवा.

आकड्यांच्या खाली प्रसंग असतात. दर आठवड्याला किंवा महिन्याला होणाऱ्या मृत्यू आणि गुंतागुंतींच्या बैठकीत ते मांडले जातात, आणि गरज पडली तर प्रकरण सहकाऱ्यांच्या परीक्षणाकडे जाते. परीक्षणाचा निकाल तीन पायऱ्यांत असतो: बहुतेक जाणकारांनी असेच केले असते, बहुतेकांनी कदाचित वेगळे केले असते, बहुतेकांनी नक्कीच वेगळे केले असते. या चर्चेची कागदपत्रे कायद्याने गोपनीय असतात, कारण न्यायालयाची भीती असेल तर कोणी खरे बोलणार नाही. बैठकीचा सूर मात्र कायदा ठरवू शकत नाही. प्रमुखाने पहिल्याच बैठकीत स्वतःची फसलेली शस्त्रक्रिया मांडली, तर पुढच्या वेळी तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे प्रशिक्षणार्थी सर्जनही, तोंड उघडतो. हा माझा ग्रह वाटू नये म्हणून एक आकडा देतो: व्हीएने शस्त्रक्रियागृहातील सर्वांना, म्हणजे सर्जनपासून परिचारिकेपर्यंत, शस्त्रक्रियेआधी एकत्र उजळणी करण्याचे आणि शंका बोलून दाखवण्याचे प्रशिक्षण दिले, तेव्हा प्रशिक्षित ७४ रुग्णालयांत मृत्यूदर १८ टक्क्यांनी घटला, अप्रशिक्षित रुग्णालयांत तो ७ टक्क्यांनी घटला होता. हा अभ्यास २०१० चा आहे.

काही मर्यादा प्रमुखाच्या हाताबाहेरच्या असतात. अतिदक्षता विभाग, रक्तपेढी आणि रात्रीची स्कॅनची सोय पाहून प्रत्येक व्हीए रुग्णालयाला शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतीचा दर्जा दिलेला असतो. खालच्या दर्जाच्या रुग्णालयात महाधमनीची मोठी शस्त्रक्रिया करता येत नाही, सर्जन कितीही निष्णात असो. शिवाय २०१८ च्या कायद्यानंतर असा नियम झाला, की विशेषज्ञाची भेट २८ दिवसांत मिळत नसेल किंवा एका तासाच्या गाडीच्या प्रवासात नसेल, तर रुग्ण व्हीएच्या खर्चाने बाहेरच्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. रुग्णाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. विभागासाठी त्याचा अर्थ असा, की जागा रिकामी राहून सर्जन मिळाला नाही, तर शस्त्रक्रिया बाहेर जातात, शस्त्रक्रिया कमी झाल्या की रेसिडेंट शिकायला येत नाहीत, आणि ते आले नाहीत की विद्यापीठालाही त्या विभागात रस उरत नाही. बाहेर बसवलेल्या स्टेंटची नोंद परत आली नाही, तर पुढची तपासणीही चुकते. भरतीची कागदपत्रे महिनोन्‌महिने फिरत असताना चांगला उमेदवार टिकवून धरणे, हे या पदाचे न शिकवले जाणारे कौशल्य आहे.

जुलै महिन्यात अमेरिकेतील रुग्णालयांत रेसिडेंटांची नवी तुकडी येते. पहिल्या सोमवारी नवा रेसिडेंट ओपीडीतून बाहेर येऊन सांगतो: मानेच्या धमनीचा रुग्ण आहे, बोलणे स्पष्ट आहे, हातापायांत जोर आहे, सोनोग्राफी लावली आहे. विभागप्रमुख एवढेच विचारतो, की मोजे काढून पाहिलेस का. रेसिडेंट परत आत जातो.